होडीच्या दुरुस्तीसाठी न गंजणारे खिळे, स्क्रू आणि नट-बोल्ट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जून-जुलैत मासेमारी बंद असते, होड्या वर ओढलेल्या असतात आणि सगळ्यांची दुरुस्ती एकदमच निघते. फळी, फायबर, इंजिन यांवर माणूस न कुरकुरता खर्च करतो. ते सगळं धरून ठेवणारा स्क्रू मात्र नाक्यावरच्या दुकानातून ‘असेल तो द्या’ म्हणून आणतो. त्यातून जे प्रश्न पुढे येतात त्यांची उत्तरं इथे दिली आहेत. लाकडी होडी, फायबरची होडी आणि आउटबोर्डवाली (मागे, बाहेरच्या बाजूला इंजिन लावलेली) छोटी बोट, तीही कोकण-गोव्याच्या खाऱ्या पाण्यातली, डोळ्यांपुढे ठेवली आहे.

स्टेनलेस स्टील गंजत नाही ना? मग सगळीकडे तेच का मारू नये?

गंजतं. फक्त वेगळ्या तऱ्हेने गंजतं आणि दिसत नाही.

स्टेनलेसमधल्या क्रोमियममुळे धातूवर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर धरतो. ओरखडा पडला तरी तो थर आपोआप पुन्हा धरतो, पण त्यासाठी प्राणवायू लागतो. डेकवर, कठड्यावर, केबिनच्या बाहेर हवा भरपूर, तिथे स्टेनलेस उत्तम. पाण्याखालच्या ओल्या फळीत घुसलेल्या स्क्रूला मात्र हवा मिळत नाही. भोवती खारं पाणी साचून राहिलेलं असतं, थर तुटतो तो पुन्हा धरत नाही आणि मिठातलं क्लोराइड एकाच जागी खड्डा पाडत आत शिरतं.

असा स्क्रू काढून हातात घेतला तर डोकं चकचकीत, अगदी नव्यासारखं दिसतं. खाली दोन-तीन आटे सोडले की दांडा एका बाजूने कुरतडलेला, काळपट आणि सुईइतका बारीक झालेला असतो. पक्कडीने जरा वाकवला की कट्‌कन तुटतो. लोखंड निदान लाल डाग पाडून आधी सांगतं तरी. म्हणून लाकडी होडीच्या पाण्याखालच्या भागात स्टेनलेस स्क्रू मारायला आमचा स्पष्ट नकार असतो, मग तो कितीही महागडा असो.

३०४, ३१६ आणि २०२ यांत नेमका फरक काय?

३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. स्वयंपाकघरातली चांगली भांडी याचीच. ३१६ मध्ये निकेल थोडं जास्त आणि शिवाय २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं. खाऱ्या पाण्याने पडणाऱ्या खड्ड्यांना हेच मॉलिब्डेनम अडवतं. समुद्रावरच्या कामाला ३१६ घ्यायचं. ३०४ केबिनच्या आत, कोरड्या जागी चालतं.

२०२ म्हणजे निकेल वाचवून त्याजागी मँगेनीज घातलेला प्रकार. बाजारात नुसतं ‘एसएस’ म्हणून जे स्वस्तात मिळतं त्यात हा माल भरपूर असतो. घरातल्या पडद्याच्या दांड्याला ठीक आहे. होडीवर पहिल्याच हंगामात तपकिरी पडतो.

दुकानात ओळखायचं कसं? लोहचुंबक लावून कळतं का?

अर्धवट कळतं, आणि त्या अर्धवटपणातच लोक फसतात. ‘चुंबक चिकटला नाही म्हणजे ३१६’ हे खरं नाही. ३०४ ला चिकटत नाही, ३१६ ला नाही आणि २०२ लाही नाही. उलट थंड अवस्थेत ठोकून बनवलेला अस्सल ३०४ चा बोल्ट चुंबकाला किंचित ओढ देतो. त्यामुळे या तिघांतला फरक चुंबकाने कळणार नाही.

चुंबकाचा खरा उपयोग दुसरीकडे आहे. पिवळी झाक मारलेले, जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी स्क्रू ‘पितळी’ म्हणून खपवले जातात. ते चुंबकाला टाळी मारल्यासारखे चिकटतात. पितळ, तांबं आणि सिलिकॉन ब्राँझ चिकटत नाहीत.

स्टेनलेस बोल्ट घेताना डोक्यावर काय कोरलंय ते वाचा. ए२ म्हणजे ३०४ च्या घरातला, ए४ म्हणजे ३१६ च्या घरातला. पुढचा आकडा तुटेपर्यंतच्या ताकदीचा : ए४-७० म्हणजे ७०० मेगापास्कल, ए४-८० म्हणजे ८००. डोकं कोरं असेल तर ते कुठल्याही धातूचं असू शकतं. लहान स्क्रूंवर खूण नसतेच, तिथे पेटीवरचं लेबल आणि दुकानदाराची पत यांवरच भागवावं लागतं. मोठी खरेदी असेल तर मॉलिब्डेनम तपासायचं छोटं किट मिळतं. धातूवर द्रावणाचा थेंब टाकून बॅटरी लावायची, रंगावरून ३०४ की ३१६ ते समजतं. पाच-पन्नास बोल्टांसाठी एवढी खटपट कोणी करत नाही, पण शे-दोनशेची पेटी घेताना जरूर करावी.

मग पाण्याखालच्या लाकडात काय मारायचं?

तीन पर्याय आहेत.

पहिला सिलिकॉन ब्राँझ. साधारण ९६ टक्के तांबं, ३ टक्के सिलिकॉन आणि थोडंसं मँगेनीज. हा धातू हवेवर अवलंबून नाही, ओल्या लाकडात बंदिस्त राहूनही टिकतो. तोटे दोन : भाव, आणि साध्या हार्डवेअरच्या दुकानात मिळत नाही, मागवून घ्यावा लागतो. शिवाय पोलादापेक्षा मऊ असतो. सागात किंवा ऐनात थेट पिळायला गेलात तर खाच तरी फाटेल नाहीतर डोकं तुटेल. आधी मापाचं भोक पाडा, त्यात त्याच मापाचा साधा लोखंडी स्क्रू एकदा घालून काढा म्हणजे आटे पडतील, मग मेण लावून ब्राँझचा हाताने बसवा. मेणाऐवजी साबण लावू नका, साबण ओल धरून ठेवतो.

दुसरा तांब्याचा खिळा, आतल्या बाजूला तांब्याच्या चकतीवर ठोकून रिवेट केलेला. पातळ फळ्यांच्या होडीला याच्यासारखं काम नाही. मात्र आतून एक आणि बाहेरून एक असे दोघे लागतात आणि सरावाचा हात हवा.

तिसरा, आपल्याकडे सर्रास चालणारा, म्हणजे गरम जस्तात बुडवून काढलेला लोखंडी खिळा किंवा बोल्ट. यावर नाक मुरडायचं कारण नाही. कोकणातल्या कितीतरी लाकडी होड्या लोखंडावर उभ्या राहिल्या. जाड जस्ताचा चांगला बोल्ट वर्षानुवर्षं टिकतो, आणि जातो तेव्हा हळूहळू, दिसत जातो.

पितळेचे स्क्रू स्वस्त आणि सहज मिळतात. पितळ तर गंजत नाही ना?

पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. खाऱ्या पाण्यात त्यातलं जस्त निघून जातं, मागे राहतो तो तांब्याचा सच्छिद्र सांगाडा. आकार तोच, आटे तेच, ताकद शून्य. ओळखायची खूण रंग : पिवळ्याचा गुलाबी-लालसर झाला असेल तर तो स्क्रू संपला. नखाएवढा भाग कानसून बघा, आतपर्यंत गुलाबी आहे का कळेल.

केबिनच्या कपाटाच्या बिजागऱ्या, आतल्या कड्या, नावाची पाटी यांना पितळ शोभून दिसतं. पाण्याखाली एकही नको. आणखी एक गोम : बाजारात ‘मँगेनीज ब्राँझ’ नावाने जे मिळतं ते नाव ब्राँझचं असलं तरी बहुतांशी तांबं-जस्तच असतं, म्हणजे पितळेच्याच जातीचं.

होडी जुनी आहे, सगळी लोखंडी खिळ्यांवर. दोन फळ्या बदलायच्या आहेत. निदान त्या तरी ब्राँझवर बसवू का?

नको. हे उत्तर ऐकून लोक नाराज होतात, कारण त्यांना होडीचं भलंच करायचं असतं. पण नवा ब्राँझचा स्क्रू आणि शेजारचा जुना लोखंडी खिळा, दोघेही खाऱ्या पाण्याने भिजलेल्या त्याच लाकडात असतात. त्या ओलाव्यातून दोघांची जणू बॅटरी तयार होते आणि लोखंड आणखी वेगाने जायला लागतं. नवी फळी घट्ट राहते, तिच्या शेजारची जुनी सुटते.

ब्रिटिश नौदलाने हा धडा मोठ्या खर्चात घेतला. १७६१ मध्ये त्यांनी ‘अलार्म’ या युद्धनौकेच्या तळाला किडीपासून वाचवण्यासाठी तांब्याचे पत्रे ठोकले. वेस्ट इंडीजच्या पाण्यातून दोनेक वर्षांनी परत आल्यावर बघितलं तर तांबं शाबूत, पण ते धरणारे लोखंडी खिळे बऱ्याच ठिकाणी खाऊन गेलेले आणि पत्रे सुटलेले. गंमत अशी, की पत्रे ज्या तपकिरी कागदात गुंडाळून आले होते तो काही ठिकाणी काढायचा राहून गेला होता. तिथे तांबं आणि लोखंड यांच्यामध्ये कागद आला आणि तिथले खिळे चांगले राहिले. आज आपण बोल्टाखाली नायलॉनचा वायसर घालतो त्यामागचा विचार हाच.

तेव्हा होडी ज्या धातूवर बांधलेली आहे त्याच धातूने दुरुस्त करायची. लोखंडावरची होडी असेल तर गरम जस्त चढवलेलं लोखंड, तांब्यावरची असेल तर तांबं किंवा ब्राँझ. सगळ्याच्या सगळ्या फळ्या उतरवून नव्याने बांधणार असाल तरच धातू बदलायचा विचार करा.

‘जीआय’ (जस्त चढवलेलं लोखंड) म्हणून सगळं सारखंच असतं का?

अजिबात नाही. दुकानात चकचकीत, निळसर झाकेचा बोल्ट मिळतो त्यावर विजेने चढवलेलं जस्त असतं, साधारण ५ ते १२ मायक्रॉन. समुद्रावर हे एक पावसाळाही पुरत नाही. वितळलेल्या जस्तात बुडवलेला बोल्ट दिसायला मळकट राखाडी, जरा खडबडीत, कुठे कुठे जस्ताचा थेंब गोठलेला. त्यावरचा थर याच्या कितीतरी पट जाड असतो. होडीला दुसराच हवा, दिसायला कुरूप असला तरी.

जाड थरामुळे बोल्टाचे आटे फुगलेले असतात, म्हणून नटही त्याच्याच जोडीचा, आटे थोडे मोकळे कापलेला घ्यावा लागतो. साधा नट बसत नाही म्हणून कोणी बोल्टावर आटे कापायची डाय फिरवली तर जस्त तिथेच खरवडून निघतं आणि पैसे पाण्यात. भारतीय मानकात याला वेगळा भागच आहे, आयएस १३६७ चा तेरावा. घाऊक घेताना बिलावर तो लिहून मागा.

दोन वेगळे धातू एकत्र आणावेच लागले तर?

खाऱ्या पाण्यात धातूंची एक उतरंड असते. लवकर झिजणारे आधी घेतले तर क्रम असा : जस्त, अॅल्युमिनियम, साधं लोखंड, मग पितळ, तांबं, ब्राँझ आणि सगळ्यांत टिकाऊ टोकाला थर शाबूत असलेलं ३१६, मोनेल (निकेल-तांब्याचा मिश्रधातू), टायटॅनियम. दोघे ओल्यात भेटले की या क्रमात आधी येणारा झिजतो आणि नंतरचा वाचतो. अंतर जितकं जास्त तितका घात मोठा.

पण नुसता क्रम पाठ करून भागत नाही, कोण मोठा आणि कोण लहान हेही बघावं लागतं. मोठ्या लोखंडी पत्र्यात एखादा स्टेनलेस बोल्ट असेल तर झीज सबंध पत्र्यावर वाटली जाते, फारसं बिघडत नाही. उलट, तांब्याच्या मोठ्या पत्र्यात लोखंडी खिळा मारला तर सगळा मार त्या एवढ्याशा खिळ्यावर येतो. ‘अलार्म’वर हेच झालं. म्हणून बोल्ट हा ज्या वस्तूला धरतो तिच्यापेक्षा टिकाऊ असावा, किंवा तिच्याच जातीचा. कमी कधीच नको.

आउटबोर्ड आणि अॅल्युमिनियमच्या भागांना कोणते बोल्ट?

३१६ चे, पण कोरडे नाही. अॅल्युमिनियममध्ये स्टेनलेस बोल्ट तसाच पिळला तर वर्षा-दोन वर्षांत भोकाभोवती पांढरी भुकटी दिसते, रंगाला फोड येतात आणि बोल्ट असा धरतो की काढताना तुटतोच. दोन धातू वेगळे ठेवणारी पेस्ट आट्यांना सढळ हाताने लावा, डोक्याखाली नायलॉनचा वायसर घाला, आणि दरवर्षी एकदा बोल्ट सैल करून पुन्हा पेस्ट लावा. तळाला लावायचा तांबंयुक्त रंग अॅल्युमिनियमच्या बोटीला कधीही लावू नका. तिथे तर अख्ख्या तळालाच तांबं चिकटवल्यासारखं होतं.

फायबरच्या होडीत लाकूड नाही, मग धातूची एवढी काळजी कशाला?

बऱ्याच फायबर होड्यांत लाकूड असतं, फक्त आत दडलेलं. डेकच्या आणि इंजिन लावायच्या मागच्या भिंतीच्या पोटात प्लायवूड घालतात. बोल्टाच्या भोकातून पाणी झिरपलं की बोल्ट आणि प्लाय दोन्ही एकदम जातात. म्हणून फायबरमध्ये बोल्टाच्या धातूइतकंच भोकाला महत्त्व. भोक जरा मोठं पाडा, कडेचा प्लाय थोडा खरवडा, एपॉक्सी भरा, सुकल्यावर त्यात नेमक्या मापाचं भोक पाडा. मग ३१६ चा बोल्ट, डोक्याखाली सीलंट, आतून मोठा वायसर किंवा धातूची पट्टी. सीलंट लावल्यावर लगेच पूर्ण आवळू नका, सगळं बाहेर पिळून निघतं. थोडं धरू द्या, मग शेवटचा फेरा.

पाण्याच्या रेषेखाली सिलिकॉनऐवजी पॉलिसल्फाइड किंवा पॉलियुरेथेन सीलंट वापरा. सिलिकॉन लावलेल्या जागी नंतर रंगसुद्धा धरत नाही.

स्टेनलेसचा नट अर्ध्यावर जाऊन अडकला, ना पुढे ना मागे. काय झालं?

आटे एकमेकांना चिकटले. स्टेनलेसवर स्टेनलेस दाबाखाली घासलं की वरचा थर निघतो आणि दोन्ही पृष्ठभाग एकजीव होतात. जोर लावला की आणखी घट्ट. अशा वेळी तो कापावाच लागतो. पुढच्या खेपेला आट्यांना चिकटू न देणारं ग्रीस लावा आणि मशीनने न फिरवता हाताच्या पान्याने, सावकाश आवळा. नायलॉनच्या कड्याचा नट असेल तर दुप्पट सावकाश.

इंजिनाच्या बैठकीचे ८.८ चे (ताकदीच्या या दर्जाचे पोलादी) बोल्ट गंजलेत. स्टेनलेस घालू?

इथे गंजाआधी ताकद बघायची. ८.८ चा बोल्ट ६४० मेगापास्कलपर्यंत ताण सोसून मूळ लांबीवर येतो. ए२-७० चा ४५० ला कायमचा लांबतो. इंजिनाच्या थरथराटात लांबलेला बोल्ट म्हणजे सुटलेला बोल्ट. ए४-८० हा ६०० पर्यंत जातो, तो त्यातल्या त्यात जवळचा. इंजिन बनवणाऱ्याने सांगितलेला दर्जा तोच ठेवून, रंग आणि ग्रीसने झाकून, दर हंगामात बदलणं हे आमच्या मते शहाणपणाचं. शाफ्टच्या कपलिंगच्या बोल्टांत तर स्वतःची अक्कल चालवूच नये.

जस्ताचे ठोकळे (स्वतः आधी झिजून बाकीचा धातू वाचवणारे) लावले की बोल्टांची चिंता मिटते का?

पाण्यात बुडालेल्या आणि ठोकळ्याशी तारेने किंवा अंगाने जोडलेल्या धातूपुरतीच. लाकडात एकटा बसलेला स्क्रू त्याच्या संरक्षणात येत नाही. ठोकळ्याला रंग लावू नका, रंगवलेला ठोकळा नुसता वजन. अर्धा झिजला की बदला. अजिबात झिजत नसेल तर खूश होऊ नका, त्याची जोडणी कुठेतरी तुटली आहे.

आणि लाकडी होडीला जास्त ठोकळे म्हणजे जास्त सुरक्षा, असं नाही. संरक्षित धातूच्या भोवती क्षार तयार होतो आणि तो लाकूड खातो. बोल्टाभोवती पांढरट, मऊ, तंतू सुटलेलं लाकूड दिसलं तर आधी ठोकळे मोजा. फायद्याबरोबर भलतंच काही येतं हे ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही यांनीही पाहिलं. १८२४ च्या सुमाराला त्यांनी तांबं मढवलेल्या जहाजांना जस्ताचे आणि लोखंडाचे तुकडे जोडून तांब्याची झीज थांबवली. पण तांबं विरघळायचं थांबताच तळावर शंख-शिंपल्यांची दाट वस्ती झाली आणि जहाजांचा वेग पडला.

ठोकळे नवे असूनही महिन्या-दोन महिन्यांत संपत असतील तर शंका बॅटरीच्या वायरिंगवर घ्या. होडीच्या तळातल्या पाण्यात लोंबणारी एक सोललेली वायर जे काही आठवड्यांत करते ते दोन धातूंच्या भांडणाला वर्षानुवर्षं जमत नाही.

३१६ घेतलं तरी कठड्यावर चहासारखे डाग पडलेत. फसवलं का?

बहुतेक नाही. खाऱ्या वाऱ्याने पृष्ठभागावर पडणारा तो वरवरचा डाग आहे, ताकदीला धक्का नाही. गोड्या पाण्याने धूत राहा, जुना डाग सायट्रिक अॅसिडच्या द्रावणाने जातो. लोखंडी तारेचा ब्रश मात्र कधीही मारू नका. त्याचे कण स्टेनलेसमध्ये रुततात आणि गंजतात. शेजारी ग्राइंडर चालू असेल तर कठड्यावर गोणपाट टाका, ठिणग्यांनीही तेच होतं.

जुना स्क्रू निघतच नाही.

आधी किंचित आवळायचा प्रयत्न करा, गंजाची पकड तुटते. मग सोडवा. नाही जमलं तर तापलेला जाड सोल्डरिंग आयर्न डोक्यावर धरा, गार होऊ द्या, गंज सोडवणारं तेल घाला आणि रात्रभर थांबा. निघाल्यावर त्याच भोकात नवा स्क्रू मारू नका. सडकं लाकूड कोरून काढा, त्याच जातीच्या लाकडाचा डाट एपॉक्सीने बसवा, मग नवं भोक.

एका फळीचे सगळे स्क्रू एकदम काढू नका. एक सोडून एक घ्या, नाहीतर फळी आपला बाक सोडते आणि पुन्हा जागेवर येत नाही.

खिळ्याविना होडी होऊच शकत नाही का?

होते की. फळ्या काथ्याने शिवायची पद्धत आपल्या पश्चिम किनाऱ्यावर शतकानुशतकं होती. गोव्यात तशीच शिवून बांधलेली ‘आयएनएसव्ही कौंडिण्य’ २०२५ मध्ये कारवारला नौदलात दाखल झाली. गंजायला तिच्या सांध्यांत धातूच नाही. पण काथ्याही सांभाळावा लागतो, आणि तसं शिवणारे हात आता मोजकेच उरलेत. फळी बदलण्यापुरता हा मार्ग कामाचा नाही.

आमची बोट धरणात चालते. हे सगळं आम्हालाही लागू?

बरंच कमी. गोड्या पाण्यात मीठ नगण्य, त्यामुळे ३०४ पुरतं आणि गरम जस्ताचे बोल्ट फार काळ जातात. ठोकळे मात्र जस्ताऐवजी मॅग्नेशियमचे लावा, गोड्या पाण्यात जस्त नीट काम करत नाही. तीच बोट कधी खाडीत न्यायची असेल तर मॅग्नेशियम काढून ठेवा, खाऱ्यात ते बघता बघता संपतं.